लाल कडीचे खुनी

“बाबा, हे अंडं तुम्ही स्वतः का नाही हो मुठीत धरत?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून तुला टकळी नाही, मुकी म्हणू.’ आणि टकळीने विचारलं! तेही अख्खं गाव बोटींच्या धक्क्यावर लोटलेलं असताना, थंडीने सगळ्यांचे दात वाजत असताना.

अंड्यावरून पापी ओळखून देणारा हंसबाबा, म्हणजे मुलींच्या भाषेत अंडेबाबा, जराही डगमगला नाही. “पोरी, न्हावी कधी स्वतःची हजामत करतो का गं?”

गर्दी खो खो हसली. न्हावीसुद्धा हसला. खरं तर तो रोज स्वतःच आपली दाढी करायचा, पण गर्दीत कोण बोलणार!

“पाप्याच्या हातातच अंडं रक्त ढाळतं,” बाबा गरजला. “सांगा, तळ्यात खून पाडणाऱ्या बदकांच्या पायात कोणती कडी असते?”

“लाल!”

ते काही खोटं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. सात-आठ बदकं एकीवर तुटून पडायची, मानेची पिसं उपटायची, तिला पाण्याखाली दाबून धरायची, ती थंड पडेपर्यंत. मारणाऱ्यांच्या पायात लाल कडी, मरणारीच्या पायात निळी. सोललेल्या मानेची बदकं बोटींना येऊन आपटू लागली तशी बोटीतून फिरायला येणाऱ्या पाहुण्यांनी तळ्याकडे पाठ फिरवली आणि टकळीच्या पप्पांची बोट धक्क्याला कुजत पडली. अंड्यांतून पिल्लंही निघेनात. आणि कड्या कोण घालतं? पक्ष्यांचा अभ्यास करायला आलेल्या, तळ्याकाठी एकट्या राहणाऱ्या कडीवाल्या बाई. झालं! दोन अधिक दोन बावीस.

दोघा धटिंगणांनी बाईंना फरफटत आणलं. बाबाने टोपलीतलं अंडं फडक्याने उचललं. पुढच्या रांगेने ते बोटाच्या टोकाने शिवून पाहिलं. काही नाही. मग त्याने ते बाईंच्या मुठीत कोंबलं, वरून फडक्याने मूठ आवळून धरली आणि मंत्र सुरू केला. मंत्र काही संपता संपेना. शेवटी बाईंच्या बोटांमधून लाल धार लागली.

“चेटकीण!”

पहिला दगड कुणी मारला कळलंच नाही. दुसऱ्याने बाईंची भुवई फुटली. कुणी केस धरून ओढलं, कुणी पोटात लाथ घातली, कुणी त्यांची दुर्बीण फरशीवर आपटली. आणि टकळीच्या डोळ्यांदेखत पप्पांनी वल्हं उचलून बाईंच्या दंडावर घातलं. कट्‌कन आवाज झाला. पप्पा! शेजारच्या मांजराला ‘हट्’ म्हणायला कचरणारे पप्पा!

फुटकं कवच घरंगळत टकळीच्या पायाशी आलं. तिने उचललं. त्याला टाचणीएवढं भोक होतं, कडेने तेलकट. वास ओळखीचा होता. दर रविवारी आई तिच्या डोक्यावर थापते तो. खोबरेल! आणि थंडीत बाटली गोठली की आई काय करते? दोन्ही हातांत घट्ट धरून बसते.

टकळीने टोपलीवर झडप घातली, एक अंडं मुठीत आवळलं आणि बाईंच्या अंगावर आडवी झाली.

“टाक ते! भस्म होशील!” बाबा किंचाळला.

“भस्म नाही हो, वितळतंय!”

एक दगड तिच्या खांद्यावर बसला. डोळ्यांत पाणी आलं, पण मूठ सुटली नाही. हळूहळू लाल ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत उतरला. समोर पप्पांनी वल्हं पुन्हा उगारलं होतं.

“पप्पा, मीपण चेटकीण! मारा ना!”

वल्हं हवेतच थिजलं.

“न्हावीकाका, तुम्ही धरा. मास्तर, तुम्हीपण!” न्हाव्याची मूठ लाल झाली, मास्तरांची लाल झाली. “टाचणीने भोक पाडायचं, आतलं काढायचं, लाल रंग भरायचा आणि भोकाला गोठलेल्या तेलाचं बूच मारायचं! बोट लावून ते वितळत नाही, मुठीत वितळतं. मंत्र एवढा लांबलचक कशाला? तेलाला वेळ नको का?”

मग तेच दगड बाबाकडे वळले. त्याचे दोन दात पडलेसुद्धा!

“अरे, पुन्हा तेच?” टकळी ओरडली. “पोलिसांत द्या त्याला! आणि बाईंना आधी दवाखान्यात न्या!”

बाईंना बोटीच्या फळीवर निजवलं. मोडका हात छातीशी धरून त्या म्हणाल्या, “लाल कडी मी नराला घालते, निळी मादीला. एवढंच. मादी अंड्यांवर बसते आणि तुमची मोकाट कुत्री तिला तिथेच फाडतात. नर उडून जातो. आता माद्या उरल्यात मूठभर. एकीसाठी दहा नर भांडतात, त्यात तीच मरते.”

“आणि अंडी? ती का उबत नाहीत?” मास्तरांनी खाली मान घालून विचारलं.

“आसपासच्या दलदली बुजवल्या तुम्ही. बाहेरचं बदक इथे येतच नाही. उरलेली सगळी एकाच कुळातली, भावा-बहिणींच्याच जोड्या. रक्तात दडलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात आणि पिल्लू कवचातच मरतं. कुत्री आवरा, लांबच्या तळ्यावरची बदकं आणून सोडा. मंत्राने नाही व्हायचं ते.”

तर मंडळी, लोकांनी पाहिलं ते खरं होतं, त्यावरून काढलं ते खोटं. लाल कडीमुळे खून होत नव्हते. खून करणारे नर होते, म्हणून त्यांना लाल कडी होती. डोळ्यांवर जरूर भरवसा ठेवा, पण डोक्याला सुट्टी देऊ नका. दगड उचलण्याआधी एक प्रश्न विचारा. प्रश्नाने कुणाचं हाड मोडत नाही.

संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. आई टकळीचा सुजलेला खांदा शेकत म्हणाली, “बाबा गेला तुरुंगात. संपला विषय.”

“बाबाने बाईंना मारलं नाही, आई. हाड त्याने नाही मोडलं.”

पप्पा भिंतीकडे बघत बसले होते. “डोकं फिरलं होतं माझं,” ते पुटपुटले. “धंदा बुडाला होता गं.”

“उद्या मी पोलिसांत जबाब देणार आहे,” टकळी म्हणाली. “बाबाचं सांगणार, दगडांचं सांगणार आणि वल्ह्याचंही.”

“अगं, बाप आहे तो तुझा!”

“म्हणून तर आधी घरी सांगतेय. पप्पा, तुम्ही बरोबर आलात आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलंत, तर मी गप्प उभी राहीन. नाही आलात, तरी मी जाणार.”