शिडी मिस्त्रीची शेवटची भिंत

मित्रांनो, तुम्ही सरळ उभे राहता, मी सरळ लटकतो. मी गवंड्याचा जुना ओळंबा. खाली निमुळतं होत गेलेलं पितळी वजन, वर दोरी आणि दोरीत ओवलेली माझ्याच रुंदीची लाकडी पट्टी, एवढाच माझा देह. पट्टी भिंतीच्या माथ्याशी टेकवतात आणि मला खाली सोडतात. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. लांब राहिलो, तर वाकडी.

मला घडवणाऱ्या कारागिराने तळहातावर फिरवून पाहिलं आणि खोक्यात टाकलं. तेवढंच माझं बालपण. पुढची सव्वीस वर्षं मला दोन धनी होते. एक शिडी मिस्त्री. इतका उंच, की प्रत्येक दारातून वाकून यायचा. दुसरा गट्टू मिस्त्री. त्याची उंची मी सांगणार नाही. तो आजही माझा धनी आहे.

दोघांत मिळून ओळंबा मी एकटाच, कारण त्यांचा एक नियम होता. स्वतःची भिंत स्वतः तपासायची नाही. शिडीची भिंत गट्टू बघणार, गट्टूची शिडी. "आपल्या कामाला आपला डोळा सूट देतो," शिडी म्हणायचा.

"अरे, ही भिंत आहे की उशी? टेकून झोपायला बांधलीस का?" तो वरून ओरडायचा.

"तू आधी खाली ये. तिकडे हवा विरळ असते, डोक्यावर परिणाम होतो," गट्टू खालून सांगायचा.

पण भिंत सूतभर जरी चुकली, तरी थट्टा बंद. मुकाट्याने विटा उतरवायच्या, पुन्हा रचायच्या. मैत्री मध्ये आणायची नाही.

मध्यंतरी माझ्या कामासाठी लाल किरण सोडणारं एक यंत्र आलं. चार महिने मी रिकाम्या पोत्यांखाली पडून होतो. शिडीनेच मला शोधून काढलं, पुसलं, नवी दोरी लावली. "याला बॅटरी लागत नाही," एवढंच म्हणाला. त्या दिवशी मी चकाकत होतो.

मग एका शाळेच्या जुन्या इमारतीला लागून वाचनालयाची खोली बांधायचं काम निघालं. जुन्या भिंतीशेजारची नवी भिंत शिडीने उचलली. शेवटचा थर लागला, त्या दुपारी गट्टू मुलीला घेऊन दवाखान्यात गेला होता. शिडीने मला खिळ्याला अडकवलं. "उद्या गट्टू बघेल," म्हणाला आणि घरी गेला. पहाटे त्याचं हृदय थांबलं. तो उद्या त्याने पाहिलाच नाही.

आठवड्याने काम पुन्हा सुरू झालं. कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअर बाईंनी दोन भिंतींमधली फट पाहिली. खाली एक बोट, वर तीन बोटं.

"मिस्त्री, नवी भिंत झुकलीय. उतरवावी लागेल."

गट्टू मला खिळ्यावरून काढायलाही धजेना. शिडीची बायको त्याची थापी, करणी ही अवजारं न्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं.

"भाऊजी, लावा ओळंबा."

"वहिनी, वाकडी निघाली तर?"

"तर उतरवा. त्यांनी तुमच्या कमी उतरवल्या का?"

गट्टू लाकडी शिडीवर चढला. त्याने पट्टी टेकवली, मला सोडलं. मी झुललो. हेलकावे लहान होत गेले. खाली कुणी श्वास घेत नव्हतं. मी थांबलो आणि भिंतीला जेमतेम शिवलो.

"पुन्हा लावा," इंजिनिअर बाई म्हणाल्या आणि स्वतः वाकून बघू लागल्या. गट्टूने तीन जागी लावलं. तिन्ही ठिकाणी तेच. मग तो मला घेऊन शेजारच्या जुन्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला गेला. तिथे मी भिंतीपासून दोन बोटं लांब राहिलो! झुकली होती ती जुनी. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"नवीला हात लावायचा नाही," इंजिनिअर बाईंनी फर्मावलं. "आधार द्यायचा तो जुनीला."

गट्टूने वर पाहून आरोळी ठोकली, "सूतभरही नाही रे, लंबूटांग्या! सूतभरही नाही!" वहिनींनी डोळे पुसले आणि भिंतीवर तळहात ठेवून त्या हसल्या, मोठ्याने.

चार दिवसांनी गट्टूची स्वतःची भिंत पुरी झाली. तो मला हातात धरून नुसताच उभा राहिला. त्या दोघांचा नियम कानावर आलेल्या इंजिनिअर बाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे. तुमची तुम्ही नाही बघायची ना?"

त्यांनी मला सोडलं, बराच वेळ निरखलं. "मिस्त्री, वरच्या बाजूला सूतभर बाहेर आहे."

गट्टूचा चेहरा उजळला. "उतरवतो की!" म्हणाला आणि विटा काढायला लागला. शिडी गेल्यापासून पहिल्यांदाच तो शीळ वाजवत होता.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. माझी दोरी ओली ठेवू नका. गाठ बसली तर कापू नका, सोडवा. आणि तुमची भिंत बांधून झाली, की मला तुम्ही लावू नका. शेजारच्याच्या हातात द्या.