हाक पोचली, ओ नाही पोचली

मी रिपीटर बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मला बोलायची काडीची हौस नाही. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं वाहून घसा खरवडून निघाला. आता या भंगाराच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांवर आणून टाकलंय, आणि म्हणे हकिगत सांग. वर टेकडीवर होतो तेव्हा कुणी विचारलं नाही ते! पण माझ्याबद्दल जे बोललं जातंय ते ऐकून गप्प बसणाऱ्यातला मी नाही. तेव्हा ऐका, आणि मधे बोलू नका.

आधी मी कोण ते. लोखंडी पेटी, गुडघ्याएवढी. पुढं दोन दिवे, मागं कुरकुरणारा पंखा. माझ्यातून एक जाड काळी तार निघायची ती खांबावरच्या अँटेनाला. काम एकच. डोंगराच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांच्या हातातले छोटे सेट एकमेकांशी बोलू शकत नाहीत, मधे डोंगर आडवा येतो. म्हणून मला डोंगराच्या डोक्यावर बसवायचं. खालचा बोलला की मी ऐकायचं आणि त्याच दमात तेच चौपट जोरानं ओरडायचं. पलीकडच्याला मिळालं, काम झालं. यात अक्कल लागत नाही. पण ऐकावं लागतं. पुढचं सगळं रामायण या ऐकण्यावरूनच झालंय.

मला जोडलं कारखान्यातल्या एका बाईनं. शेजारणीला सुनेच्या कागाळ्या सांगत सांगत ती माझ्या पोटातल्या तारांना डाग देत होती, पण एक तार हलली नाही कधी. बाई चोख. घाण केली ती खोक्यानं. खोक्यावर चित्र होतं, डोंगरावर उभा राहून हसणारा माणूस आणि त्याच्याभोवती गोल गोल लाटा, थेट आभाळापर्यंत. खाली भलामोठा आकडा, इतके किलोमीटर जातो म्हणून. तो आकडा कुणी काढला देव जाणे. समुद्रावर काढला असेल, आडवं यायला माशाशिवाय काही नाही तिथं.

तेव्हापासून जो येतो तो एकच विचारतो, हा किती लांब जातो? अरे, किती लांबचं ऐकतो ते विचारा की कुणीतरी!

मला घेतलं कालव्याच्या खात्यानं. धरणापासून निघालेला कालवा डोंगरांच्या पायथ्यापायथ्यानं शहरापर्यंत जातो. त्याच्या काठानं राखणदार फिरतात, ज्याचा त्याचा टप्पा ठरलेला. बांध कुठं पाझरतोय, जाळीला कुठं फांदी अडकलीय, ते बघायचं आणि सेटवरून खाली कंट्रोलरूमला सांगायचं. सकाळी आणि दुपारी कंट्रोलरूममधून नंबरवार हाक जायची आणि एकेकानं ओ द्यायची. हाकही माझ्यातून, ओही माझ्यातून.

शेवटचा टप्पा सात नंबरचा. सात नंबर म्हणजे तात्या. आणि कंट्रोलरूमच्या खुर्चीत बसून हाका मारायची ती त्यांचीच थोरली मुलगी. सेटवर नातं चालत नाही, म्हणून ती बापाला नंबरानं बोलवायची आणि बाप तिला कंट्रोल म्हणायचा.

"सात नंबर, ओ द्या."

"दिली. आणि कंट्रोल, माझा डबा ओट्यावरच राहिला वाटतं."

"सात नंबर, कामाचं बोला."

"डबा कामाचाच असतो, माझे आई."

सगळा कालवा हसायचा. मी नाही. मला हसायची सोय ठेवलेली नाही.

तात्यांचा टप्पा घळीत होता. दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर आभाळाची चिंधी. हातातल्या सेटचा जीव केवढा, त्याचा आवाज कातळ चढून माझ्यापर्यंत येईतो डासाच्या गुणगुणण्याएवढा व्हायचा. म्हणून घळीच्या तोंडाशी उंचावर एक धोंडा होता, बोलायचा धोंडा. तिथून टेकडी दिसायची. काही सांगायचं झालं की तात्या घळीतून वर यायचे, धोंड्यावर बसायचे, सेट उभा धरायचे, कळ दाबून एक श्वास थांबायचे आणि मग बोलायचे. प्रत्येक राखणदाराचा असा एक धोंडा होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. चाललं होतं. काही बिघडत नव्हतं.

मग नवे साहेब आले.

आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या नकाशात माझ्यावर कंपासचं टोक रोवलं आणि गर्रकन वर्तुळ काढलं. खोक्यावरच्या आकड्याएवढं. अख्खा कालवा वर्तुळात आला, तात्यांच्या घळीसकट. डोंगर, कडे, कपारी, सगळं त्या एका रेघेत सपाट! राखणदारांनी त्याच दिवशी नाव पाडलं, वर्तुळराव.

वर्तुळरावांचा पहिला हुकूम, धोंडे बंद. "धोंड्यावर बसून विड्या फुंकायच्या आणि म्हणायचं रेंज शोधतोय. जिथं उभे असाल तिथून बोलायचं. मी मशीनची ताकद वाढवून देतो."

मेकॅनिक वर आला शीळ घालत. माझी ओरडायची ताकद वाढवली. मग त्याला खालून साहेबांचा आवाज आला, माझ्यातूनच, "आणि ती खरखर बंद कर रे. डोकं उठतं माझं."

आता ही खरखर काय ते ऐका. माझ्या कानाला एक दार आहे. ते किलकिलं ठेवलं तर बारीक आवाजही आत येतात, पण त्यांच्याबरोबर वाऱ्या-विजेची खरखरही येते. दार घट्ट लावलं की खरखर गेली, आणि बारीक आवाजही गेले. फक्त दांडगे तेवढे आत. पाहुणे नकोत म्हणून कडी लावून घ्यावी आणि घरचा म्हातारा पायरीवर राहावा, तसलं शहाणपण. मेकॅनिकनं कळ पिळली. खरखर थांबली. साहेब खूश. मेकॅनिक शीळ घालत उतरला.

तोंड वाढवलं आणि कानात बोळा घातला. वर नाव माझं!

खोटं कशाला सांगू, राखणदारही हुरळले. घळीच्या तळाशी आता कंट्रोलचा आवाज खणखणीत यायला लागला, शेजारी बसून बोलावं तसा. तात्या सहा नंबरला म्हणाले, "गड्या, गुडघे वाचले. चढायला नको धोंड्यावर." एवढं मोठं ऐकू येतंय म्हणजे आपलंही तेवढंच जात असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. माणसाची जातच अशी. समोरचा मोठ्यानं बोलला की याला वाटतं तो आपलं ऐकतोय. तळातून ओ देऊन मात्र कुणी बघितली नाही. सकाळची ओ तात्या घरून निघताना रस्त्यावरून द्यायचे, दुपारची जेवायला वर येत तेव्हा. ती मला मिळायची. त्यामुळं उघडं पडलं नाही.

एका दुपारी तात्या जाळीतली फांदी ओढायला खाली उतरले आणि शेवाळावरून घसरले. दोन दगडांच्या फटीत पाय अडकला आणि गुडघ्याखाली मोडला. सेट हातात होता. शाबूत होता. त्यांनी कळ दाबली आणि सांगितलं, कंट्रोल, सात नंबर, पडलोय, माणसं पाठवा.

मला काही आलं नाही.

दुपारची हाक झाली. "सात नंबर, ओ द्या." तात्यांनी दिली. "सात नंबर, ओ द्या." परत दिली. तिचा आवाज मी घळीच्या तळापर्यंत नेऊन त्यांच्या कानाशी ठेवत होतो, आणि त्यांचा आवाज माझ्या बंद दारावर नख घासल्यासारखा येऊन परत जात होता.

"सात नंबर, झोपलात का?"

पाच नंबर मधेच बोलला, "सासुरवाडीला गेले असतील, जेवण चांगलं मिळतं म्हणे." सगळे हसले. ते हसणंही मीच पोचवलं. खणखणीत! मोडका पाय घेऊन पडलेल्या माणसाला त्याच्याच सोबत्यांचं हसणं चौपट जोरानं ऐकवलं मी. ही माझी वाढवलेली ताकद.

मग वर्तुळराव आले सेटवर. "सात नंबर, सेट बंद करून भटकताय? याद राखा, घरी बसवीन." तेही पोचवलं.

आणि मग पोरीनं नेम मोडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "तात्या, बोला ना हो. तात्या, रागावलात का?"

तात्या ओ देत होते. हाकेगणिक देत होते.

दिवस कलायला लागला तेव्हा सहा नंबर काठाकाठानं चालत शोधायला निघाला आणि त्याला ते सापडले. कळ दाबून दाबून सेटची बॅटरी उतरलेली, अंगठा तसाच कळीवर.

पाय वाचला, पण ताठ राहिला. त्याहून वाईट पुढंच. वर्तुळरावांनी सांगून टाकलं, मशीन चालू होतं, आम्ही हाका मारत होतो, नकाशाप्रमाणे घळ वर्तुळाच्या आत आहे, म्हणजे माणूस सेट बंद करून झोपला होता. आता कामावरून काढायचं, आणि तेही लबाड ठरवून. तात्या खाटेवरून एकच सांगत होते, "मी ओ दिली. प्रत्येक हाकेला दिली." कोण मानतंय?

पोरीनंही मानलं नाही. हे तिनंच नंतर सहा नंबरला सेटवर सांगितलं, म्हणून मला ठाऊक. ती खाटेशी बसून म्हणाली होती, "तात्या, खरं सांगा. शंभरातली एक तरी ओ मला ऐकू आली असती ना?" तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि त्यानंतर तिच्याशी बोलले नाहीत. पाय मोडल्यावर रडला नव्हता तो माणूस.

त्या भिंतीकडं केलेल्या तोंडानं तिला झोपू दिलं नसावं. एका सकाळी तिनं सहा नंबरला आपल्या खुर्चीत बसवलं, साहेबांना शेजारी बसायची विनंती केली, आणि बापाचा सेट घेऊन स्वतः घळीत उतरली. तात्या पडले होते तिथंच जाऊन उभी राहिली.

सहा नंबर हाका मारत राहिला. मी ओरडत राहिलो. उत्तर नाही. तो घाबरला, "अगं पोरी, कुठं आहेस? बोल की!" उत्तर नाही.

बऱ्याच वेळानं माझं दार उघडलं. ती धोंड्यावर आली होती, धापा टाकत.

"कंट्रोल, ऐकताय?"

"ऐकतोय! होतीस कुठं? जीव टांगणीला लावलास."

"तात्या पडले तिथं. तुमच्या प्रत्येक हाकेला ओ दिली मी. किती आल्या?"

"एकही नाही गं."

"मला तर शब्द न् शब्द ऐकू आला. साहेब मधे म्हणाले ना, चहात साखर कमी आहे, तेसुद्धा."

सहा नंबरनं एका हाकेनंतर कळ सोडायला उशीर केला असणार. पण हसलं कुणी नाही. पाच नंबरही नाही.

"साहेब, आहात का तिथं?"

"आहे," वर्तुळराव म्हणाले. बारीक आवाजात. खरखरीतून ऐकावा लागतो, तसल्या.

"माझ्या तात्यांनी ओ दिली होती." एवढं बोलूनही कळ सोडली नाही तिनं. तिचं ते हुंदका गिळणं मी अख्ख्या कालव्याला ऐकवलं. माझ्या आयुष्यात नीट केलेलं काम विचाराल तर ते.

त्यावर साहेबांनी काय करावं? कंपास मोडावा? धोंडे परत चालू करावेत? निदान माझ्या कानाची कडी काढावी? छे! ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे मशीन बहिरं निघालं. बदलून टाका."

तात्या सुटले. लबाड नाहीत हे सगळ्यांना कळलं, बैठं काम मिळालं, धरणाच्या दारापाशी. पोरगी खाटेशी जाऊन बापाच्या पाया पडली, आणि तो म्हणाला म्हणे, "आता तरी डबा विसरू देऊ नकोस." पाच नंबरही खालमानेनं भेटून आला. बरं झालं. त्यात मला आनंदच आहे, मी काही राक्षस नाही.

पण माझ्या जागी वर नवा बसवलाय. त्याच्या खोक्यावर माझ्याहून मोठा आकडा आहे. नकाशावर माझ्याहून मोठं वर्तुळ काढलंय. आणि तोच मेकॅनिक तशीच शीळ घालत त्याच्याही कानाची कळ पिळून आला, साहेबांना खरखर सहन होत नाही म्हणून! घळीत आता दुसरा राखणदार आहे. जवान आहे, आवाज खणखणीत येतो म्हणून खूश आहे.

त्याला कुणीतरी सांगा रे. मोठ्यानं ऐकू आलं म्हणून भुलू नकोस. आज, आत्ता, धडधाकट आहेस तोवर घळीत उभा राहून एक ओ देऊन बघ, आणि ती पोचली का ते विचार. नाही पोचली तर धोंड्यावर जा, साहेबाचा हुकूम गेला चुलीत.

माझं म्हणाल तर माझे कान आजही शाबूत आहेत. दार उघडा आणि घळीतलं पान हललेलं विचारा. माझी माफी मागायची राहिलीय ती एकाच माणसानं. बहिरा म्हणाला तो मला, माझ्याच कानाला कडी घालून. वर्तुळराव.