पाच दगडांचे आठ

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आठ दिवस आधीच शालिग्रामनं जाहीर करून टाकलं होतं. पाखऱ्या-बिजल्याची जोडी यंदा अडतीसच्या वर गेली तर गोठ्यात राहील, नाही तर येत्या बाजारात जाईल. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, त्या दोघांना वासरं असल्यापासून पोसलेलं. त्या दिवसापासून ती धड जेवली नव्हती, आणि नवऱ्याशी बोलणं म्हणाल तर ‘चहा घ्या’ एवढंच.

अडतीसचा आकडा गेल्या वर्षीचा. शंकरपटात बैलजोडीचा नंबर सेकंदावर निघतो, पण रिसोडचा सायकलवाला हबीब हौसेखातर जोडीच्या बाजूनं मोटरसायकल पळवायचा आणि मीटर बघून किलोमीटर ओरडायचा. यंदा शेत बदललं, पल्ला बदलला, बाजूनं गाडी न्यायला जागाच उरली नाही. मग हबीबनं वेग मोजायची बंदूक आणली. इंग्लंडातल्या मेव्हण्यानं क्रिकेटसाठी पाठवलेली. सकाळपासून तिला त्यानं कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

जोडी सुटली. मुलगा गणेश हाकत होता. अशी पळाली बैलं, की कस्तुराबाईचा पदर डोक्यावरून कधी घसरला हे तिला कळलं नाही. हबीबनं बंदूक रोखली आणि माइकवर ओरडला, “पंचवीस!”

सगळा पट हसला. कुणीतरी म्हणालं, “पंचवीसनं तं माही सायकल जाते!”

शालिग्रामचंही तोंड उतरलं, पण आपला शब्द मागे घेणाऱ्यांतला तो नव्हता. कस्तुराबाई मात्र पदर खोचून थेट हबीबपुढे उभी राहिली.

“हबीबभाऊ, तुमची बंदूक खोटं बोलून राह्यली.”

“वयनी, इंग्लंडची चीज हाय. खोटं कायले बोलंन?”

“मंग यायची फटफटी मोजा,” ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

हे बाईनं नेमकं ओळखून मागितलं. शालिग्रामची मोटरसायकल पेट्रोल वाचवायला बत्तीसवर चालायची. ना एकतीस, ना तेहतीस. आजारी माणसाला दवाखान्यात नेतानाही बत्तीस. वरातीत नवरदेव मागे बसलेला असतानाही बत्तीस. शालिग्राम शेजारच्या सडकेवरून एक फेरी मारून आला.

“बत्तीस,” तो म्हणाला.

“बंदुकीत तं वीस,” हबीब खजील होऊन म्हणाला. “बिघडली वाटते.”

“बिघडली तं बिघडली,” शालिग्राम म्हणाला. “अडतीस काई दिसले नाई. बोली ते बोली.”

पण कस्तुराबाईच्या डोक्यातून ते बत्तीस आणि वीस काही केल्या जाईनात. हा जोड कुठेतरी पाहिलेला होता. आणि एकदम तिला बाप आठवला, सडकेच्या कडेला पहार घेऊन घामाघूम झालेला. मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा जुने दगड उपटून नवे गाडायचं काम त्याच्याकडे होतं, आणि भाकरी पोचवायचं काम सहा वर्षांच्या कस्तुराकडे. पाच दगड निघाले, की आठ गाडायचे. शाळेत जाण्याआधी तिला एवढाच हिशोब येत होता.

“हबीबभाऊ, थे बिघडली नाई! थे मैलानं मोजून राह्यली! पाच मैलाचे आठ किलोमीटर. वीस म्हंजे चार पाचे. चार आठे किती?”

“बत्तीस,” हबीब म्हणाला, आणि त्याचे डोळे मोठे झाले. बंदुकीच्या काचेवरची ‘एमपीएच’ ही बारीक अक्षरं तो सकाळपासून कंपनीचं नाव समजत होता.

“आन् पंचवीस म्हंजे पाच पाचे,” कस्तुराबाई लोकांकडे वळली, “पाच आठे...”

“चाळीस!” अख्खा पट ओरडला. मघाशी हसलेलेच जास्त जोरात.

शालिग्रामनं दुपट्ट्यानं डोळे पुसले, धूळ गेली म्हणाला, आणि बिजल्याच्या पाठीवर हात फिरवू लागला. कस्तुराबाई आठ दिवसांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली.

“अहो, बैलं चाळीसचे आन् तुमी बत्तीसचे,” ती म्हणाली. “आता सांगा, बाजारात कोनाले न्याचं?”