पान एकशे बारावरचा काना

नऊ वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

टीव्हीवर गाजलेल्या एका अंतराळ मालिकेवरून मी सहा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. बाईंचा प्रश्न साधा होता. मालिकेत कप्तान यानाच्या इंजिनिअरबाईंना कायम अहो-जाहो करतो. मग तिसऱ्या कादंबरीत, पान एकशे बारावर, फुटलेल्या कप्प्यात एकटा शिरताना तो ‘थांबा, मी जातो’ऐवजी ‘थांब, मी जातो’ कसा म्हणतो? तुम्ही मुद्दाम लिहिलंत ना?

हो म्हणायची हिंमत होईना आणि नाही म्हणायची लाज वाटे.

गेल्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या मालिकेच्या चाहत्यांची सभा होती. विषय : कादंबऱ्या खऱ्या कथेत धरायच्या की नाही. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. कुणी ओळखलं नाही. ओळखण्यासारखं माझ्यात काही नाहीच.

“रद्दी आहे, रद्दी!” अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. “या गृहस्थाने मालिका पाहिली तरी होती का?”

पाहिली नव्हती. माझ्याकडे टीव्ही नव्हता. प्रकाशक संहिता पाठवत, त्यावरून लिहायचो.

“दुसऱ्या पुस्तकात कप्तान खिडकी उघडून हवा खातो! अंतराळात!”

खोली खो-खो हसली. हे दुर्दैवाने खरं आहे.

पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. “पान एकशे बारा वाचा आणि मग बोला. त्याचा जीव तिच्यावर होता, हे तिथे एका शब्दात आलंय. मालिकेला सात वर्षांत जमलं नाही ते.”

“शब्द कसला, ताई? काना गळलाय! छापखान्याची चूक, आणि तुम्ही त्यावर संसार थाटताय.”

“लेखकाला विचारायचं होतंत,” कुणीतरी टोमणा मारला.

“विचारलं होतं. पत्र लिहून.”

“मग?”

“उत्तर आलं नाही.”

पुन्हा हशा. बाईंनी पुस्तक पिशवीत घातलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“मतदान पुढच्या रविवारी,” अध्यक्ष म्हणाले. “तोवर पुरावा आणा, ताई. नाहीतर सहाही पुस्तकं बाद.”

मी बोलायला उठलो नाही. छत्री घेऊन जिना उतरलो.

घरी कपाटाच्या तळातून बाईंचं ते पत्र आणि जुनी प्रुफं काढली. ते पान सापडलं आणि मी लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचवा असा :

‘काना मी काढला नाही, जुळणी करणाऱ्याकडून पडला. अध्यक्षांचं तेवढं बरोबर आहे. पण प्रूफ वाचताना तो पडल्याचं मला दिसलं होतं. लाल पेन टेकवलं, ठिपका उमटला, आणि पेन उचललं. मरायला निघालेला माणूस अहो-जाहो करील, असं वाटेना. समासात माझ्याच अक्षरात “असू दे” लिहिलेलं आहे. ते पान सोबत पाठवतो. रविवारी मी मागच्या रांगेत होतो. तेव्हाच उठायला हवं होतं. जमलं नाही. सभेत हे पान दाखवा. खिडकीवरून मात्र भांडू नका.’

‘दाखवा’चा काना दोनदा तपासला. मग पाकीट चिकटवलं, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेलो आणि टाकलं.