सुमीचा थर

आमच्या बैठकीत मधोमध खड्डा आहे, आणि माझी तान्ही सुमी दूध प्याली की तो एक थर खोल जातो. आधी चटईखालची माती निघाली, मग जळका तांदूळ. आता शिंपले लागलेत.

खड्डा माझ्याच बोलण्यामुळे पडला. संग्रहालयातले हिराता-सान आले होते. जपानी माणसं मुळात आली कुठून, हे ते शोधतात. जमिनीतली हाडं नि जिवंतांची लाळ जुळवून बघतात. शिंपले खाणारे आधीचे, समुद्रापलीकडून भात आणणारे नंतरचे, असं प्रत्येकाला त्याच्या थरात बसवतात. माझ्या नवऱ्याने, शुन्जीने, सुमीची लाळ त्यांना परस्पर दिली होती.

"आपण मूळच्या कुठल्या?" त्यांनी मला विचारलं.

"माझी नाळ कराडला पुरलीय," मी सवयीने बोलून गेले. जपानीत ते शब्दशः गेलं. इथे नाळ पुरत नाहीत, लाकडी डबीत जपतात.

हिराता-सान अदबीने वाकले. "किती खोल?"

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीत खोदायला सुरुवात झाली. मी आईला फोन लावला.

"आई, हे संग्रहालयवाले सुमीला न्यायला बसलेत."

"न्यायला? पाटीतला आंबा हाय का ती?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझी नाळ पुरलेलं आपलं परडं बी खचाय लागलंय गं. कोणतरी खालनं उकरतंय. पोरीची नाळ कुठं पुरलीस?"

"डबीत आहे."

"मग ती अजून कुठलीच न्हाई, बाई. त्यांना तसलीच पाहिजे."

मी कपाटातली डबी उघडली. आत ओली माती होती. शुन्जी मागे उभा होता. "सांडशील," एवढंच म्हणाला.

आज हिराता-सान पांढरे हातमोजे घालूनच आले.

"जुळलं. सुमी-चान सगळ्यात खालच्या थराची. तिला जागेवर ठेवावं लागेल."

"ती माझी आहे."

"अर्थातच. संग्रहालयातल्या पाटीवर आई म्हणून तुमचंच नाव येईल."

मी सुमीला छातीशी घट्ट धरलं. तिच्या टाळूला दुधाचा वास येत होता. तेवढ्यात खाली कुणीतरी खोकलं.

शिंपल्यांवर एक बाई मांडी घालून बसली होती. तिचे पुढचे दात, त्या शिंपले खाणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे, मुद्दाम काढलेले होते आणि छाती दुधाने भिजलेली. तिने वर पाहिलं.

"आण गं हिकडं," ती म्हणाली. "दमली असशील."

शुन्जीला मराठी येत नाही. तरी तो म्हणाला, "दे की थोडा वेळ."

सुमी कुणाकडेच जात नाही, आपल्या आजीकडेसुद्धा नाही. तिने मुठीतली माझी बट सोडली आणि दोन्ही हात खाली पसरले.