उजवीकडचा सांधा

बारा वर्षं आमच्या गॅरेजात माझी गाडी शिरली नाही. बेकर्सफील्डच्या उन्हात ती बाहेर भाजून निघायची आणि आत सावलीत वेंडेलचा छत्तीस सालचा फोर्ड पिकअप आराम करायचा. पिकअप म्हणायचं आपलं. आणला तेव्हा ते नुसतं गंजकं धूड होतं. कापसाच्या जिनिंगमागे गवतात पडलेलं, आणि कोणाच्या तरी कोंबड्यांनी त्यात बस्तान मांडलेलं. घरी ओढून आणल्यावर सीटखाली तीन अंडी निघाली. "बघ, येताना नाश्ता घेऊन आलाय," वेंडेल म्हणाला. मी हसले, आणि तिथेच माझं चुकलं.

वेंडेल म्हणजे माझा नवरा. चौतीस वर्षं त्याने तेलविहिरींचे पंप दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर हे धूड मागे लावून घेतलं. इंजिन त्याला एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मिळालं. आठ सिलेंडरचं ते इंजिन गाडीतून काढून कोणीतरी पाणी उपसायला बसवलं होतं. मग त्याची नजर माझ्या स्वयंपाकघराकडे वळली. कार्बोरेटर माझ्या भांडी धुवायच्या मशीनमध्ये धुतला. रंगवलेले सुटे भाग माझ्या ओव्हनमध्ये भाजले, तेही थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी टर्कीला रंगाचा वास येत होता आणि पाहुणे माना खाली घालून गुपचूप बटाटे खात होते.

मी ओरडायचे, पण खरं सांगायचं तर मला कौतुकही वाटायचं. कारण वेंडेलचा एक हट्ट होता. पिकअपचं एकही काम बाहेर करून घ्यायचं नाही. आमच्याकडे मे महिन्यात बागेत जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे प्रत्येक गाडीच्या काचेत एक कार्ड लावतात: साल कोणतं, मालक कोण, बांधली कोणी. पिकअपला अजून चाकंही नव्हती तेव्हाच वेंडेलने ते कार्ड लिहून ठेवलं होतं. पंपांच्या नकाशांवर लिहायचा तशा ठसठशीत, सरळ अक्षरांत: "घरी बांधला. वेंडेल टॅकेट." ते कार्ड त्याने कामाच्या टेबलावर भिंतीला टाचलं होतं.

या कार्डाची सगळ्यात जास्त थट्टा कोण करायचं, तर माझ्या नणंदेचा नवरा, लेरॉय. लेरॉयकडेही जुना पिकअप आहे, लालभडक, त्यात बघून दाढी करावी इतका चकचकीत. तो त्याने गाड्या बांधून देणाऱ्या दुकानातून बांधून घेतलाय, आणि मेळ्यालासुद्धा ट्रेलरवर चढवून नेतो, चाकांना धूळ लागू नये म्हणून.

"वहिनी," तो मला म्हणायचा, "याचा पिकअप तयार होईल तेव्हा आपण सगळे स्मशानात असू. कार्ड थडग्यावरच लावा."

"लेरॉयराव, तुमच्या थडग्यालाही ट्रेलर लागेल," मी म्हणायचे.

दहाव्या वर्षी वेंडेलने टप कापला. म्हणजे केबिनच्या चारही खांबांचा साडेतीन इंचांचा तुकडा काढून छत खाली उतरवायचं. त्याने गाडीला ती दबा धरून बसल्यासारखी ऐट येते. कापाकापी झाली, छत खाली बसलं, शिकंजांनी आवळलं. आता फक्त चार खांब जोडायचे राहिले होते. आणि नेमके तेव्हाच त्याचे हात थरथरायला लागले.

आधी कॉफीचा कप बशीत वाजायचा. मग शर्टाची बटणं माझ्याकडे आली. डॉक्टर म्हणाले, दुखणं जीवघेणं नाही, पण जाणारही नाही. पाना धरता येत होता, करवतही चालत होती. पण पातळ पत्र्याचं वेल्डिंग म्हणजे एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार, आणि दोन्ही हात दगडासारखे स्थिर हवेत. वेंडेलने टाकाऊ पत्र्यावर करून पाहिलं. पत्र्याला भोकं पडली. पुन्हा केलं, पुन्हा भोकं. मग त्याने मशीन बंद केलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं.

आठ महिने ते दार उघडलं नाही. छत तसंच शिकंजांवर उभं होतं. लेरॉय एकदा, चेष्टा न करता, म्हणाला, "अरे, दुकानात घेऊन जाऊ. एका दिवसाचं काम आहे. मी ट्रेलर देतो."

"मग कार्डावर काय लिहू? 'जवळजवळ घरी बांधला'?" वेंडेल म्हणाला. आणि दिवसभर खुर्चीत बसून टीव्हीवर मासे पकडणारी माणसं बघत राहिला. त्याला मासे आवडत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा त्या खुर्चीत म्हातारा होत होता, आणि ते मला सहन होईना.

मी सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते. आणि आमच्या वस्तीतल्या लग्नाचा, वाढदिवसाचा प्रत्येक केक माझ्या हातचा. माझा हात हलत नाही. तीन थरांच्या केकवर मी साखरेची वेल काढते, तेव्हा नवरीची आईसुद्धा गप्प बसते. म्हणून मी प्रौढ शाळेत नाव घातलं. दर शनिवारी सकाळी वेल्डिंगचा वर्ग. घरी सांगितलं, चर्चच्या तळघरात आम्ही बायका गोधड्या शिवतोय, तिकडे जाते.

वर्गात सगळी पंचविशीतली पोरं. मास्तर ओचोआ म्हणून, तेही माझ्या मुलाच्या वयाचे. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी नातवाचा डबा घेऊन आलेय. पाचव्या शनिवारी त्यांनी माझा सांधा उचलून खिडकीशी नेला.

"ग्लेंडाबाई, आधी कशावर काम केलंत?"

"चॉकलेट आणि व्हॅनिलावर," मी म्हटलं.

बिंग छान फुटलं, तेही वेल्डिंगमुळेच. एका शनिवारी फार उकडत होतं म्हणून मी वरचं बटण उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी मऊ पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही वाढत होते आणि वेंडेल माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होता. गळ्याशी लालभडक त्रिकोण उमटला होता.

"हे काय झालं?"

"ऊन लागलं."

"चर्चच्या तळघरात?"

मी ग्रेव्ही ढवळत राहिले. चौतीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला ती त्या झगझगीत उजेडाने भाजल्याची खूण समजायला किती वेळ लागणार?

"वरचं बटण लावायचं असतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगतात."

"सांगितलं होतं."

तो उठला आणि आत गेला. ताट तसंच राहिलं. मला वाटलं होतं मी त्याला मदत करतेय, पण त्याच्या बाजूने बघितलं तर मी त्याच्या हातातली एकमेव गोष्ट काढून घेत होते, आणि तीही चोरून. दोन दिवस तो पुन्हा टीव्हीवरचे मासे बघत बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खुर्चीवर त्याचं वेल्डिंगचं चामड्याचं जाकीट पडलेलं होतं. बाह्या चार बोटं कापून आत दुमडल्या होत्या आणि वेड्यावाकड्या रिवेटा मारल्या होत्या. बाह्या आता माझ्या हाताच्या मापाच्या होत्या. गॅरेजचं दार उघडं होतं.

"कार्डावर 'घरी बांधला' लिहिलंय," वेंडेल आतून म्हणाला. "तू घरातलीच आहेस. बटण लावून ये."

पुढचे नऊ दिवस आम्ही जितकं भांडलो तितकं चाळीस वर्षांत भांडलो नव्हतो. तो स्टुलावर बसून हुकूम सोडायचा. "एका दमात ओढू नको, पत्रा वाकडा होईल! एक टाका इथे, एक तिथे, मध्ये गार होऊ दे." पहिल्या खांबाला मी मटारएवढं भोक पाडलं. मला वाटलं आता ओरडतो. तो घरात गेला आणि माझा जेलीचा तांब्याचा साचा घेऊन आला. माझ्या आजीचा. माझ्यासमोर त्याने तो हातोडीने सपाट केला आणि भोकामागे धरला. तांब्याला लोखंड चिकटत नाही, भोक अलगद भरून येतं. त्याचा हात थरथरत होता, पण तांबं त्याने पत्र्याला दाबून धरलं तेव्हा ते हललं नाही.

"आता जेली कशात करू?" मी मुखवट्याआडून विचारलं.

"कोणाला आवडते तुझी जेली?"

चौथा खांब उजवीकडचा, दाराच्या आतल्या अंगाचा. तो जमला. कसा जमला ते सांगता येत नाही. टाक्याला टाका असा लागत गेला की एकही लहान नाही, एकही मोठा नाही, आणि कडेला निळसर सोनेरी झाक. मुखवटा वर करून मी बघतच राहिले. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी केल्या, पण त्या सगळ्या लोकांनी त्याच दिवशी खाऊन टाकल्या.

"हा एवढा राहू दे ना," मी म्हटलं.

"चांगला सांधा तोच, जो कोणाला दिसत नाही," वेंडेल म्हणाला. आणि ते खरंच आहे. वेल्डिंग झालं की ते ग्राइंडरने घासायचं, पुट्टी भरायची, वर रंग. कुठे जोडलंय ते नखालाही कळता कामा नये. मी समजूतदारपणे मान हलवली आणि घरात जाऊन उगाचच भांडी आपटली.

पुढचं सगळं त्याने एकट्याने केलं. घासणं, पुट्टी, प्रायमर, रंग. लेरॉय म्हणाला, "तुला पॉलिशचं मशीन कशाला हवं? नुसता हात ठेव." वेंडेल इतका हसला की खोकला लागला. गॅरेजात प्लास्टिकचा पडदा टांगला होता आणि मला आत यायची बंदी होती. गाडी बाहेर निघाली तरी उजव्या दाराला कागद आणि पट्ट्या चिकटवलेल्या. "कुलूप बसायचंय, उघडू नको," म्हणाला.

मेळ्याच्या दिवशी मी पहाटेच बागेत गेले होते, आमच्या चर्चचं, फळं भरून भाजलेल्या पीच पायचं टेबल माझ्याकडे होतं. नऊच्या सुमाराला तो आवाज ऐकू आला. विहिरीवरून आणलेल्या त्या इंजिनाचा जाडाभरडा, खुशीतला आवाज. रस्त्यावरून, स्वतःच्या चाकांवर, गडद हिरव्या रंगाचा पिकअप आला. छत असं खाली बसलेलं की लोक बोलायचे थांबले. शेजारी लेरॉय बसला होता आणि डोकं छताला लागू नये म्हणून त्याची मान वाकडी झाली होती. माझे डोळे भरून आले. हे आम्ही केलं, मी मनात म्हटलं. आम्ही.

मग मी जवळ गेले आणि काचेतलं कार्ड वाचलं. तेच जुनं कार्ड. "घरी बांधला. वेंडेल टॅकेट."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक शब्द जास्तीचा लिहिला असता तर कार्ड फाटलं असतं का? मी पायच्या टेबलाशी परत आले आणि असे तुकडे कापायला लागले की गिऱ्हाईकं दोन पावलं मागे सरकली.

गाड्यांना गुण देणारा परीक्षक आला तेव्हा मी मुद्दामच टेबलाशी उभी राहिले, पण कान तिकडेच होते. बारीक मिशीवाला, हातात फळी आणि कागद. त्याने खालून पाहिलं, बोनेट उघडलं, डावं दार उघडलं, मान डोलावली. मग उजवं दार उघडलं आणि खाली वाकला.

"टॅकेट, इथे एक सांधा राहिलाय तुमचा. घासायला विसरलात."

"विसरलो नाही."

"वर पारदर्शक वार्निश मारलंय की. पण घासलेलं नाही, रंग नाही. हे अर्धवट काम धरावं लागेल. गुण जातील."

"जाऊ देत," वेंडेल म्हणाला. आवाज चढवायची त्याला सवय नाही, पण तेव्हा सगळ्या बागेला ऐकू गेलं. "तो माझ्या बायकोचा सांधा आहे. चारही खांब तिने जोडले. तीन मी घासले. हा घासायला माझा हात धजला नाही."

माझ्या हातातली सुरी पीच पायमध्ये तशीच राहिली. परीक्षकाने चष्मा पुसला आणि गुडघ्यावर बसून पुन्हा पाहिलं. मग लेरॉय वाकला. तो काहीतरी बोलेल म्हणून सगळे थांबले होते. त्याने टोपी काढली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, कमाल आहे."

मी गेले. बघितलं. रंगाच्या हिरव्या काठामध्ये माझे टाके, निळसर सोनेरी झाकेसकट, काचेखाली ठेवल्यासारखे.

"मग कार्डावर का नाही लिहिलंस?" मी विचारलं. आवाज कडक ठेवायचा प्रयत्न केला, पण तो फसला.

वेंडेलने खिशातून कार्डांचा गठ्ठा काढला. नवी, कोरी कार्डं, सात-आठ तरी असतील. प्रत्येकावर माझं नाव सुरू केलेलं आणि प्रत्येकावर ते मधेच घसरून कडेला गेलेलं. एकावर 'ग्लें' एवढंच वाचता येत होतं.

"लिहिता येईना," तो म्हणाला. "तुलाच लिहायला सांगितलं असतं, पण तुझं नाव तूच लिहायचं, त्यात काय अर्थ?"

मी ती सगळी कार्डं त्याच्याकडून काढून घेतली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. ती अजून माझ्याकडे आहेत, कोणाला दाखवणार नाही.

सांध्याचे दोन गुण गेले आणि त्या दोनच गुणांनी पहिल्या नंबरची ढाल गेली तुलारे गावच्या एका दंतवैद्याकडे. वेंडेलने त्याचं मनापासून अभिनंदन केलं. ढाल नाही म्हणून त्याला जराही वाईट वाटलं नाही, आणि मला तर नाहीच नाही. दुपारपर्यंत उजव्या दाराशी माणसांची रांग होती. ओचोआ सर सगळा वर्ग घेऊन आले होते.

संध्याकाळी आम्ही दोघं घरी निघालो. टेकडीवरचे तेलविहिरींचे पंप माना हलवत होते, वेंडेलचे हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट होते. पहिल्या सिग्नलला मी दार उघडलं, बघितलं आणि लावलं. दुसऱ्या सिग्नललाही.

"दार नीट लागलंय, ग्लेंडा," वेंडेल समोर बघत म्हणाला.

"माहितीये मला," मी म्हटलं, आणि तिसऱ्या सिग्नलला पुन्हा उघडलं.