तिसऱ्या जागेवरचा मोहन

मित्रांनो, या कोठारात टेबल टेनिसच्या मोडक्या टेबलामागे भिंतीला टेकून जो उभा आहे ना, तो मी. पत्र्याचा, पांढरा, जुना फळा. डावा कोपरा दुमडलाय आणि अंगावरच्या काळ्या रेघा काही केल्या जात नाहीत. सगळ्यांना वाटतं, मी पहिल्यापासून खेळातलाच. छे हो! मी मूळचा इस्पितळातला.

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात, एका वॉर्डाच्या दाराशी मी अकरा वर्षं टांगलेला होतो. माझ्यावर खाटांचे नंबर आणि पुढे पेशंटची नावं असायची. ज्याला उपाशी ठेवायचं, त्याच्या नावापुढे लाल चुंबक. एकदा ते चुंबक लावायचं राहून गेलं आणि ऑपरेशनच्या सकाळी एका आजोबांनी मजेत टोस्ट खाल्ला. काय गोंधळ झाला म्हणून सांगू! तेव्हापासून मी लाल रंगाला फार जपतो. 'फळ्यावर आहे तेच खरं,' असं मोठ्या सिस्टर म्हणायच्या आणि मी आतल्या आत फुगायचो. पुढे कॉम्प्युटर आले. मला मागच्या अंगणात कचऱ्याच्या पेटीत टाकलं. अकरा वर्षांची नोकरी, आणि कुणी साधा फडकासुद्धा फिरवला नाही शेवटचा.

तिथून मला वैभवीने उचललं. ती पुण्याची, फिजिओथेरपी शिकायला आलेली, त्याच वॉर्डात ट्रेनिंगला होती. बसच्या ड्रायव्हरशी हुज्जत घालून तिने मला तिच्या कॉलेजच्या मैदानावरच्या लाकडी खोलीत आणलं. तिथे अमेरिकन फुटबॉलचा संघ कपडे बदलायचा. पोरांच्या दुखापती बघायचं काम वैभवीचं, आणि खेळ शिकवायला हरीशदादा. हरीशदादा लंडनजवळच्या हॅरोला जन्मलेले, कार्डिफच्या शाळेत गणित शिकवायचे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"वैभवी, हा फळी एकदम मस्त आहे!"

"हा फळा, दादा. किंवा ही फळी. तुम्ही ठरवा एकदा काय ते."

दादांनी प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकाची पट्टी केली. एक बाजू पांढरी, दुसरी लाल. पांढरी म्हणजे खेळणार, लाल म्हणजे जायबंदी. लाल बाजूवर वैभवी पक्क्या शाईच्या पेनने दुखापतीची तारीख लिहायची. तपासून बरं वाटलं, की स्पिरिटने तारीख पुसायची आणि पट्टी पांढरी करायची. हा अधिकार फक्त तिचा. शिवाय दादांची एक रीत होती. मॅचच्या आधी ते एकेकाची पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "धर, आज तुझं." मॅच संपली की ज्याने त्याने आपली पट्टी परत लावायची. त्या घामट हातांची मला सवय झाली होती, खरं सांगतो, वॉर्डापेक्षा इथे जास्त रमलो मी.

आता रनिंग बॅक म्हणजे काय ते सांगतो. चेंडू बगलेत घट्ट धरायचा आणि समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत फट शोधून घुसायचं, हे त्याचं काम. अंगावर सगळ्यात जास्त मार त्यालाच. म्हणून एकामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा तयार लागतो. दादा तासन् तास माझ्यासमोर बसून त्यांची पारख करायचे. पहिली तीन पावलं कुणाची जलद, मार बसल्यावर चेंडू कुणाच्या हातून सुटत नाही, हे सगळं ते माझ्या कडेला बारीक अक्षरात लिहायचे.

पहिल्या जागेवर सुयश. नागपूरचा, बारीक अंगाचा, शाळेत कबड्डी गाजवलेला. सप्टेंबर २००७ मध्ये आला तेव्हा त्याला हा खेळ कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, आणि या गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. बुधवारच्या सरावानंतर सगळे एकत्र चिप्स खायचे. त्या टेबलावर त्याला माणसं मिळाली. दुसऱ्या जागेवर गॅरेथ, इथलाच, बैलासारखा ताकदवान. तिसऱ्या जागेवर मोहन.

मोहन दोन दिवस सरावाला आला होता. एकदा नाक फुटलं, मग हॅरोला नोकरी मिळाली आणि गेला तो गेलाच. वैभवी त्याची पट्टी काढायला निघाली तर दादांनी तिचा हात धरला.

"राहू दे गं. रिकामा जागा दिसला की नवीन पोरं घाबरतात."

"पण माणूसच नाहीये ना तिथे!"

"मिळेल कोणीतरी. तोपर्यंत राहू दे."

मिळालं कुणी नाही. मोहन माझ्या छातीवर महिनोन्महिने पांढराशुभ्र बसून राहिला. नवी पोरं यायची, रांगेत तीन नावं बघायची आणि निर्धास्त व्हायची. मित्रांनो, ते खोटं माझ्या अंगावर लिहिलेलं होतं. मला मेल्याला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

फेब्रुवारीत आमचे धिंडवडे निघाले. परीक्षा, ताप, मोडलेली बोटं. बावीस खेळाडू नसले तर मॅच सोडावी लागे, आणि आमच्या दोन मॅच तशाच गेल्या होत्या. कॉलेजने सांगितलं, तिसरी सोडलीत तर क्लब बंद. त्यात गॅरेथची मांडीची शीर ताणली. तो लाल झाला. आणि बुधवारच्या सरावात सुयशचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं. हेल्मेट घालूनसुद्धा तो खाली बसला, मग खोलीमागे जाऊन ओकला. वैभवीने त्याची पट्टी उलटली, तारीख लिहिली.

"निदान दोन आठवडे नाही. आणि उद्याच्या उद्या डॉक्टर."

"अगं, काही झालं नाही मला!"

"सुयश, तू हे मला तिसऱ्यांदा सांगतोयस."

शनिवारी दुपारी सामान लावायच्या निमित्ताने सुयश एकटा आला. दार लावलं. माझ्यासमोर उभा राहून मोहनला सोडून पांढऱ्या पट्ट्या मोजल्या. एकवीस. पुन्हा मोजल्या. एकवीसच. कुठूनतरी खेचून आणलेली दोन पोरं धरूनही एकवीस. मग आपली पट्टी काढून लाल बाजूवरची तारीख अंगठ्याने घासली. पक्की शाई ती, कुठली निघतेय! थुंकी लावून घासली, शर्टाच्या टोकाने घासली. शेवटी त्याने पट्टी तशीच उलटी करून पांढरी लावली. कपाळ माझ्यावर टेकलं. त्याचं कपाळ तापलेलं होतं.

"एकच मॅच," तो पुटपुटला. "मग खरं सांगतो सगळ्यांना. आईशप्पथ."

मी काय करणार हो? मला ती पट्टी टाकून द्यायची होती. अंगातला सगळा जोर लावला. पण पत्र्याला चुंबक धरणंच माहीत, सोडणं कुठे येतं? रात्रभर ती पट्टी मला टोचत राहिली. अकरा वर्षं वॉर्डात काढलेला मी, लालचं पांढरं झालेलं उघड्या डोळ्यांनी बघत होतो.

रविवारी सकाळी खोलीत नुसती धावपळ. दादांनी माझ्याकडे बघून यादी केली. बावीस! सुयशची पट्टी पांढरी बघून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. वैभवीने तपासलं असणार, दुसरं कोण उलटणार? आणि वैभवी माझ्याकडे पाठ करून बाकावर ओळीने पोरांचे घोटे बांधत होती. अगं, एकदा मागे बघ! मी मनातल्या मनात टाहो फोडत होतो. पंच यादी न्यायला दाराशी येऊन उभे राहिले.

दादांनी पहिली पट्टी काढली. सुयशची.

"धर, आज तुझं."

सुयशने हात पुढे केला. पट्टी होती त्याच्या चार बोटं डावीकडे त्याची मूठ मिटली. रिकामी. पट्टी खाली पडली, लाल बाजू वर. बुधवारची तारीख, अर्धवट घासलेली.

वैभवी उठली, तिने पट्टी उचलली आणि सुयशच्या तोंडासमोर दोन बोटं धरली.

"किती?"

सुयश रडायलाच लागला. "दादा, प्लीज! एकच मॅच. माझ्यामागे आहे कोण? गॅरेथ लंगडतोय, आणि मोहन तर हॅरोला बसलाय!"

त्यांचं मराठी बाकीच्यांना काय कळणार? एक नवा पोरगा माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाला, "तिसरा आहे ना, मोहन? त्याला फोन करा की!"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं की मोहन नाही, सप्टेंबरपासून नाही. सुयशच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाले, "मी खोटा बोललो. तू माझ्यामुळे हे केला. माझी चूक आहे." त्यातलं शेवटचं तेवढं एक वाक्य त्यांनी बरोबर म्हटलं. त्यांनी पंचांसमोर यादी फाडली.

क्लब गेला. इस्पितळात सुयशच्या डोक्यात बारीक रक्तस्राव निघाला. आणखी एक धक्का बसला असता तर आशा नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. हे मी वैभवीच्या तोंडून ऐकलं. ती हे रिकाम्या खोलीत, माझ्यासमोर बसून स्वतःलाच सांगत होती.

जूनमध्ये खोली रिकामी करायची होती. सगळ्या पट्ट्या एका डब्यात गेल्या. सुयशची आणि मोहनची तेवढी कुणाला काढवेना. त्या दिवशी सुयश आला, वैभवीबरोबर. जरा वाळला होता. वैभवीने त्याच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, एका पायावर उभं केलं, उलटे आकडे म्हणायला लावले. मग पिशवीतून स्पिरिटचा कापूस काढून त्याच्या पट्टीवरची तारीख पुसली. "लाव आता. पांढरी."

"संघ कुठे आहे आता?"

"नसू दे. तू आहेस ना!"

त्याने पट्टी लावली. मग मोहनची पट्टी काढून खिशात टाकली. मग दोघांनी मला उचलून कॉलेजच्या या कोठारात आणून टेकवलं.

मित्रांनो, मला कुणी पुसत नाही, कोपरा गंजतोय, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. पण उद्या तुमच्याकडे माझ्यासारखा फळा आला, तर त्याच्याकडून खोटं वदवून घेऊ नका. तो बिचारा लिहाल ते धरून ठेवतो. माणूस नसेल तर जागा रिकामी दिसू द्या. ती बघून कुणीतरी धावत येईल, निदान कुणी जीव धोक्यात तरी घालणार नाही. माझ्यावर आता एकच पट्टी आहे, सुयशची, पांढरी. खाली दोन जागा रिकाम्या आहेत, आणि त्या मला कुठेही टोचत नाहीत.